बाहेरचे तज्ज्ञ असताना मोझांबिकमध्ये स्थानिक तरुणांना वन्यजीवशास्त्र शिकवण्याचा खटाटोप कशासाठी?

तुम्ही विचारलंय की जगभरचे शास्त्रज्ञ तिथे जाऊन काम करतातच, मग तिथल्याच मुलांना घडवण्यात एवढा वेळ आणि पैसा का घालायचा. मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात मी सहा आठवडे कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) नोंदी शिकवायला होते. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते.

1977 ते 1992 या यादवी युद्धात गोरोंगोसातले 90 टक्क्यांहून जास्त मोठे प्राणी मारले गेले, मांसासाठी आणि हस्तिदंतासाठी. त्याची खूण हत्तिणींवर अजून दिसते, कारण हस्तिदंतासाठी मारणारे सुळे नसलेल्यांच्या मागे लागत नसत. युद्धाआधी सुळे नसलेल्या हत्तिणी 18 टक्क्यांच्या आसपास होत्या, युद्धातून वाचलेल्यांत त्या 51 टक्के निघाल्या. यामागची आनुवंशिकता उलगडणारा शोधनिबंध 2021 मध्ये आला. त्याच्या लेखकांत डॉमिनिक गोन्साल्विश ही मोझांबिकचीच संशोधक आहे आणि उद्यानातलं हत्तींचं काम तिने सांभाळलं आहे.

तिथे 2014 पासून अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांच्या नावाची प्रयोगशाळा आहे. शिवाय मोझांबिकच्या विद्यार्थ्यांसाठी संवर्धन जीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उद्यानातच चालतो. वर्ग संपला की समोर जंगल.

आता मूळ मुद्दा. हत्तींनी मका खाल्ला की आम्ही नुकसानीचा तक्ता भरायचो: शेत किती, पीक कोणतं, किती टक्के गेलं. एकदा एका विद्यार्थिनीबरोबर गेले. ती त्याच भागातली, सेना भाषा बोलणारी. तिने तक्ता पिशवीतून काढलाच नाही. शेतकरीण शेंगा सोलत होती, ही शेजारी बसून सोलायला लागली. अर्ध्या तासाने कळलं की रात्री माळ्यावर राखणीला बसणारा मुलगा मलेरियाने आजारी होता, म्हणून त्याच आठवड्यात हत्ती शेतात शिरले. माझ्या तक्त्यात राखणीचा रकानाच नव्हता! हत्ती मधमाश्यांना बिचकतात, म्हणून शेताभोवती पोळ्यांचं कुंपण घालतात. ते कुठे घालायचं हे ठरवताना अशी माहिती लाखमोलाची असते, कारण ज्या घरात राखणीला माणूस नाही तिथे ते आधी लागतं.

‘स्थानिक’ म्हणजे नुसता पासपोर्ट नव्हे, हेही सांगायला हवं. राजधानी मापुटोहून आलेल्या मुलाला सेना येत नसेल तर त्यालाही माझ्यासारखाच दुभाष्या लागतो. म्हणून उद्यानाच्या भोवतालच्या गावांतली मुलं पुढे यायला हवीत असं मला मनापासून वाटतं. त्यांची वाट सर्वांत खडतर. गावात बोली वेगळी, शाळेत पोर्तुगीज आणि शोधनिबंध बहुतेक इंग्रजीत.

आणि पदवीनंतर पगाराची नोकरी हवी. बाहेरून आलेला निधी बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांचा असतो, हत्तीचं आयुष्य साठ वर्षांचं. या कामाला मदत करायची तुमची इच्छा असेल, तर कॅमेऱ्यांऐवजी एखाद्याचा पाच वर्षांचा पगार उचलणाऱ्या संस्थेला करा.