फोनसोबत आलेली अ‍ॅप काढून टाकता येतात का?

काही काढता येतात, काही नाही. ते अ‍ॅप फोनच्या साठवणुकीत कुठे बसवले आहे यावर हे ठरते. अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीने वरून भरलेले खेळ किंवा खरेदीची अ‍ॅप बहुधा वापरकर्त्याच्या भागात असतात आणि सरळ 'अनइन्स्टॉल' होतात. सिस्टीमचा भाग मात्र फक्त वाचता येतो, त्यातले काही खोडता येत नाही, म्हणून तिथल्या अ‍ॅपपुढे 'डिसेबल' एवढाच पर्याय दिसतो, आणि काहींच्या बाबतीत तोही नसतो. डिसेबल केल्यावर अ‍ॅप चालायचे थांबते, यादीतून दिसेनासे होते आणि त्याचे अपडेट व डेटा काढल्यास थोडी जागाही सुटते. मूळ प्रत जागीच राहते, पण ती जागा तुम्हाला एरवीही वापरता आली नसती, तेव्हा तिची हळहळ नको. फोन संगणकाला जोडून एडीबीच्या (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचे साधन) आज्ञेने असे अ‍ॅप काढले, तरी ते त्या वापरकर्त्यापुरतेच जाते आणि फॅक्टरी रिसेटनंतर परत हजर होते. (या वाटेने जाताना कीबोर्डचे अ‍ॅप दुसरा कीबोर्ड बसवल्याशिवाय काढू नये.) आयफोनवर २०१६ मधील आयओएस १० पासून हवामान, शेअर बाजार यांसारखी अ‍ॅपलची स्वतःची अनेक अ‍ॅप हटवता येतात, सेटिंग्ज अर्थातच नाही.