दुसऱ्यांचं सुंदर विणकाम बघून आपलाच हात का आखडतो?

छंदाचे व्हिडिओ बघून हुरूप यायच्या ऐवजी मन खट्टू होतं, हातातलं काम पुढे सरकत नाही; मग ते बघणं बंदच करावं का, असं विचारणारे बरेच जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांतल्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ताई पन्नाशीच्या, कोथरूडला राहणाऱ्या. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि संध्याकाळ खायला उठायला लागली, तेव्हा त्यांनी आईकडून शिकलेलं विणकाम पुन्हा हातात घेतलं. तुळशीबागेतून लोकर आणली, फोनवर नमुने शोधायला सुरुवात केली. हळूहळू अशी वेळ आली की मध्यरात्र उलटेपर्यंत त्या दुसऱ्यांचं काम बघत बसायच्या आणि सकाळी स्वतःच्या सुया हातात घ्यायला मन धजायचं नाही. "बघितलं की वाटतं, मला काहीच येत नाही. पण बघितल्याशिवाय राहवतही नाही हो, मॅडम."

पुढच्या भेटीला मी त्यांना सगळं विणकाम घेऊन यायला सांगितलं. मोठी कापडी पिशवी भरून आली. चार बोटं विणून थांबलेली शाल, बाहीपाशी अडलेलं झबलं, जोडायचे राहिलेले क्रोशाचे चौकोन. झबलं दाखवताना त्यांनी एक कोपरा अंगठ्याखाली झाकून धरला होता. विचारल्यावर अंगठा बाजूला केला. तिथे सुलट टाक्यांच्या ओळीत एक टाका उलट पडला होता. बाकी सगळी वीण एकसारखी, ताण कुठे कमी ना जास्त. हे मी त्यांना बोट ठेवून ओळीओळीने दाखवलं. शेकडो टाके नीट पडलेले होते, आणि त्यांना दिसत होता तो एकच.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखण्यासाठी इतरांशी तुलना करतो, आणि तीही सहसा आपल्यासारख्याच वाटणाऱ्या माणसांशी. पूर्वी ही तुलना शेजारच्या काकूंशी व्हायची. आता वर्षानुवर्षं हाच व्यवसाय करणारी डिझायनर आपल्याच हातातल्या फोनवर, घरच्या कपड्यांत, हसत आपल्याशी बोलते आणि बरोबरीची वाटू लागते. तिची अख्खी संध्याकाळ अर्ध्या मिनिटात सरते, उसवलेल्या ओळी तर दिसतच नाहीत.

शिवाय काही फरक हाताचा नसतोच. ताईंच्या शालीचे काठ गुंडाळले जात होते आणि व्हिडिओतली शाल मात्र सपाट, जाळी उमललेली. ती होती खऱ्या लोकरीची. विणून झाल्यावर ती ओली करून, टाचण्यांनी ताणून वाळवतात आणि मगच तिचा फोटो काढतात. ताईंची लोकर ॲक्रिलिक. ती नुसती भिजवून ताणली तर वाळल्यावर बहुतेक पूर्ववत होते. तिला वाफ द्यावी लागते, तीही इस्त्री न टेकवता, बेताने. हे कळल्यावर ताई एकदम म्हणाल्या, "म्हणजे माझा हात वाईट नाही!" अशी साधी माहितीही कधी कधी मोठा आधार देऊन जाते, असं मला मनापासून वाटतं.

बघणं बंद करा, असं मी सांगितलं नाही. एकट्या माणसाला त्यातून सोबत मिळते, ती हिरावून घेऊ नये. आम्ही फक्त बघण्याची रीत बदलली. सुया हातात असतील तरच व्हिडिओ लावायचा. अंथरुणात फोन नाही. एका वेळी एकच शिकवणारा, आणि शक्यतो जो निवांत बोलतो, चुका दाखवतो असा. ताईंना नॉर्वेतली आर्ने आणि कार्लोस ही जोडी आवडली. नमुना घ्यायच्या आधी रॅव्हेलरीवर जायचं. २००७ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर एकाच नमुन्याचे साध्यासुध्या लोकांनी विणलेले कितीतरी अवतार दिसतात. कुणी कोणती लोकर, कितीची सुई वापरली, कुठे अडलं, तेही बरेच जण लिहितात. तुलना करायचीच तर तिथे करावी.

सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच. साठवलेल्या प्रत्येक चित्रापुढे ताईंनी एक ओळ लिहायची: यातलं नेमकं काय आवडलं? वही वाचताना लक्षात आलं, की अवघड जाळ्या त्यांना फारशा आवडतच नव्हत्या. पुन्हा पुन्हा आला होता तो मोहरी पिवळ्याशेजारचा गडद निळा. मग तेवढाच रंगांचा मेळ उचलायचा आणि वीण आईने शिकवलेलीच ठेवायची, असं ठरलं.

एक मात्र सांगायलाच हवं. विणकामच नव्हे तर जेवणखाण, गप्पा, कशातच दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर दोष व्हिडिओंवर टाकून थांबू नका, डॉक्टरांना भेटा. ताईंचं तसं नव्हतं. लेक दूर गेल्याचं दुःख होतं आणि त्यावर आम्ही पुढेही बरंच बोललो.

झबलं पुरं झालं, तो उलटा टाका तसाच ठेवून. शाल त्यांनी उसवून टाकली. ती त्यांना मुळात आवडलीच नव्हती, सगळे विणतात म्हणून विणायला घेतली होती. निळी लोकर होती ती. झबल्याच्या पिवळ्या काठाशेजारी लागली.