भाचीच्या फ्लाइंग स्कूलमधला जाच: आधी वही, मग तक्रार

तुमच्या प्रश्नात चार गोष्टींची गाठ बसली आहे, ती आधी सोडवू. भाची सोलापूरच्या पूर्व भागातली, दुसऱ्या जिल्ह्यात सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिक परवान्याचं) प्रशिक्षण घेतेय. इन्स्ट्रक्टर तिच्या हेलावरून सगळ्यांसमोर टर उडवतो. बॅचमधल्या इतरांपेक्षा तिला सॉर्टी (सरावाची उड्डाणं) कमी मिळतात. हँगरमध्ये एकदा जातीवरून बोललं गेलं. आणि तिला अमेरिकेत हलवायचं म्हटलं, तर जावयाच्या बोर्डिंग पासवर ‘एसएसएसएस’ (जादा तपासणीची खूण) छापून आलं होतं, म्हणजे तिथेही हेच का, असं विचारलंत. या चारही गोष्टींची दारं वेगळी आहेत. सगळं एका अर्जात कोंबून थेट डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) पाठवलंत तर कोणत्याच मुद्द्याला धड उत्तर मिळणार नाही.

दार कोणतंही असो, आत जाताना हातात नोंद लागते. तिला आजच एक बांधीव वही घ्यायला सांगा, सुटी पानं नकोत. ‘सर नेहमी अपमान करतात’ ही नोंद कुठेच टिकत नाही. टिकते ती अशी: ‘१२ तारीख, सकाळी १०.४०, हँगरचं पूर्वेकडचं दार. फ्लाइटनंतरचं डीब्रीफ. हजर: मी, सर, बॅचमधले दोघे (नावं), एक टेक्निशियन (नाव). सर म्हणाले, “...”. मी उत्तर दिलं नाही. १०.५५ ला आईला फोन केला.’ त्या अवतरणात शब्द जसेच्या तसे हवेत, ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत. शिवी असेल तर शिवी. आपल्याकडे लाजेने टिंबं घालतात आणि पुढे चौकशीत नेमका शब्द कोणता, यावरच अर्धा तास जातो. नोंद त्याच दिवशी व्हावी आणि रात्री पानाचा फोटो तिने स्वतःच्याच ईमेलवर पाठवावा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. चॅट एक्स्पोर्ट करा, मूळ मेसेज पुसू नका, फोन विकू नका की फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लिहायची असते. मूळ फोन हाताशी असला की हे सोपं जातं. आणि कॉकपिटमध्ये चोरून रेकॉर्डिंग नको. उडताना लक्ष फोनकडे, हा आरोप उलट तिच्यावरच येईल आणि तो खराही असेल.

आता हेल. इथे तिची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. आयकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, इंग्रजी प्रावीण्याची सहा पातळ्यांची मोजपट्टी आहे आणि कामाला पात्र ठरण्यासाठी चौथी पातळी लागते. चौथ्या पातळीच्या वर्णनातच म्हटलं आहे की उच्चार, आघात आणि लय यांवर मातृभाषेचा प्रभाव असतो, फक्त त्यामुळे समजण्यात अधूनमधूनच अडथळा यावा. सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीतही मातृभाषेची छटा चालते. मोजतात त्या सहा गोष्टी: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. या सहांतला सर्वांत कमी गुण हीच अंतिम पातळी. म्हणून ‘तुझं इंग्लिश गावठी आहे’ या शेऱ्याला लेखी प्रश्न एकच: सहांपैकी कोणत्या निकषात मी चौथ्या पातळीखाली आहे आणि कोणत्या ट्रान्समिशनमध्ये (रेडिओ संदेशात) टॉवरला ‘से अगेन’ (पुन्हा सांगा) म्हणावं लागलं? ट्रान्समिशन दाखवता आलं तर ती सुधारणा आहे, तिने ती मुकाट घ्यावी. दाखवता आलं नाही तर ती टर आहे, वहीत जाऊ द्या.

पण हेल आणि चूक यांतला फरक तिलाही कळायला हवा. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या पोरीच्या तोंडून ‘स्क्वॉक’चं (रडारसाठीच्या ओळख-कोडचा शब्द) ‘इस्क्वॉक’ झालं तर बिघडत काहीच नाही, कंट्रोलरला कळतं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ एकसारखे आले तर मात्र बिघडतं. म्हणून तर हेडिंग (दिशेचे अंश) एकेक आकडा सुटा करून सांगतात आणि म्हणून तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नवाला ‘नायनर’ हे उच्चार ठरवून दिले आहेत. ही सोय गोऱ्या वैमानिकांनाही तितकीच लागते. बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये, असंही आयकाओ सांगतं. टर उडवल्यावर पोरं घाबरून भरभर बोलू लागतात आणि तिथेच रीडबॅक (कंट्रोलरची सूचना परत म्हणून दाखवणं) चुकतो. रोज १० मिनिटं रीडबॅक फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकणं, याहून चांगला उपाय नाही.

सॉर्टींचा मुद्दा सर्वांत किचकट आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही. अपमान विसरता येतो, राहिलेले तास विसरता येत नाहीत. शिवाय प्रशिक्षण लांबलं की खर्च वाढतो, म्हणजे भेदभावाचं बिल पुन्हा घरच्यांच्याच माथी.

पण ‘कमी सॉर्टी’ म्हणजे लगेच पूर्वग्रह असंही नाही. विमान १०० तासांच्या तपासणीत अडकतं. पावसाळ्यात ढग खाली येतात. सेस्ना १७२ ची चाचणीत दाखवलेली क्रॉसविंड (आडव्या वाऱ्याची) क्षमता १५ नॉट आहे आणि नवख्या विद्यार्थ्याला सोलोसाठी (एकट्याने उडण्यासाठी) शाळा त्याहून बरीच कमी मर्यादा घालते. तेव्हा त्याच वाऱ्यात सिनियर उडाला आणि ती बसून राहिली, यात गैर काही नाही. तुलना नेहमी त्याच टप्प्यावरच्या विद्यार्थ्याशीच करायची.

तिला आठ आठवड्यांचा एक तक्ता करू द्या. तारीख आणि वेळ, रोस्टरवर नाव होतं का, विमान कोणतं (नोंदणी क्रमांकातली व्हीटीनंतरची तीन अक्षरं), सॉर्टी झाली की रद्द, रद्द कोणी केली, कारण काय सांगितलं. आणि शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा: त्याच तासाला तेच विमान दुसऱ्या कोणी उडवलं का? जवळच्या विमानतळाचा त्या वेळचा मेटार (हवामानाचा अहवाल) उतरवून ठेवावा, म्हणजे ‘हवा खराब होती’ हे खरं की खोटं ते तिथेच कळतं. दुसरा तक्ता परवान्याच्या गरजांचा: एकूण २०० तास, त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन), २० तास क्रॉसकंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी (त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबून), १० तास इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवरून), ५ तास रात्रीचे आणि त्यात १० टेकऑफ-लँडिंग. कोणत्या खात्यात ती मागे आहे, हे यातून दिसतं. सगळीकडे थोडी थोडी मागे असेल तर कारण बहुधा विमानांची टंचाई. फक्त सोलो किंवा क्रॉसकंट्रीच अडली असेल तर कुणीतरी सही अडवून धरली आहे.

मग पत्र, चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या (सीएफआयच्या) नावे, प्रत अकाउंटेबल मॅनेजरला. उदाहरणादाखल: ‘१ जून ते २६ जुलै या काळात माझे ११ तास झाले, याच टप्प्यावरच्या तिघांचे २६, २४ आणि २९. माझ्या १४ रद्द सॉर्टींपैकी ९ वेळा त्याच तासाला तेच विमान दुसऱ्या विद्यार्थ्याने उडवलं. कारण लेखी कळवावं. माझा प्रोग्रेस चेक दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडून व्हावा.’ बस्स, इतकंच. पहिल्या पत्रात ‘भेदभाव’ हा शब्दही नको. आकड्यांना उत्तर द्यावं लागतं, विशेषणाला नुसतं ‘आरोप निराधार’ म्हणून सुटता येतं. दुसऱ्या इन्स्ट्रक्टरचा चेक मागायचं कारण साधं: तोही म्हणाला की लँडिंग कच्चं आहे, तर ते कच्चं आहे. तयारी ठेवा, असं होऊ शकतं.

विमान क्षेत्रातल्या भेदभावाविरुद्धची अशी लढाई नवी नाही. मार्लन ग्रीन हा अमेरिकी हवाई दलातला अनुभवी कृष्णवर्णीय वैमानिक. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने त्याला १९५७ मध्ये नाकारलं. कोलोरॅडोच्या भेदभावविरोधी आयोगाने निष्कर्ष काढला, की न घेण्याचं एकमेव कारण त्याचा वंश. २२ एप्रिल १९६३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची बाजू उचलली आणि १९६५ मध्ये तो कंपनीत रुजू झाला. आठ वर्षं गेली, हेही लक्षात असू द्या.

शाळेत सेफ्टी मॅनेजर असेल तर त्यालाही भेटा. धाकात असलेली विद्यार्थिनी ‘गो अराउंड’ (उतरणं सोडून पुन्हा वर) म्हणायला एक सेकंद उशीर करते आणि तो सेकंद शाळेच्याच विमानाचा असतो. हा मुद्दा त्याला अपमानाच्या गोष्टीपेक्षा लवकर पटेल.

जातीवरून बोललं गेलं त्याचं स्वरूप वेगळं. इथे सौम्य पत्राने सुरुवात करायची गरज नाही. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिला नाही आणि मी विचारत नाही, पण कायद्याला तो विचारावाच लागतो: १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती आणि जमातींनाच लागू होतो, ओबीसी, एसबीसी वा भटक्या विमुक्तांच्या प्रवर्गाला नाही. बोलणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो. कलम ३(१)(आर) आणि (एस) साठी प्रसंग ‘लोकांच्या नजरेसमोर’ घडलेला हवा. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालं तर हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणून वहीतल्या ‘हजर’ या ओळीवर सगळा भार आहे. उघड्या हँगरमध्ये, बॅच आणि टेक्निशियन समोर असताना बोललं गेलं असेल तर बाजू मजबूत. सीएफआयच्या बंद केबिनमध्ये दोघंच असतील तर अवघड.

एफआयआर सोलापुरातही होऊ शकतो. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, कोणतंही पोलीस ठाणं तो घेतं, मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. २०२५ च्या जूनमध्ये एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाची जातीवरून अपमानाची तक्रार बेंगळुरूत अशीच झीरो एफआयआर म्हणून नोंदली गेली आणि गुरुग्रामला गेली. विमान कंपनीने आरोप नाकारले होते. तरी जाणं शक्य असेल तर शाळेच्या हद्दीतल्या ठाण्यातच जा, वर्ग होण्यात दिवस जातात. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असं म्हणाले तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १८-अ दाखवा, या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास डीवायएसपी किंवा एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. जातीचा दाखला सोबत न्या. १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. वकिलाचा खर्च जड जात असेल तर सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा: स्त्री म्हणून तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, प्रवर्गाचीही नाही.

बोलण्यात लैंगिक शेरेही असतील तर २०१३ चा पॉश (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा) कायदाही लागतो. त्याखाली तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. प्रशिक्षणार्थीही त्यात येतात.

अमेरिकेचं. ‘एसएसएसएस’ म्हणजे जादा तपासणीसाठी निवड. ती यादृच्छिकही असते आणि यादीतल्या एखाद्या नावाशी साम्य असलं तरी होते. एकदाच झालं असेल तर सोडून द्या. दर वेळी होत असेल तर जावयांनी अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्या ‘डीएचएस ट्रिप’ या तक्रार सेवेकडे अर्ज करावा. त्यातून सात आकडी रिड्रेस नंबर मिळतो, तो पुढे प्रत्येक तिकिटाच्या बुकिंगमध्ये घालायचा. फ्लाइट ट्रेनिंगआधी टीएसएची (तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेची) सुरक्षा पडताळणी मात्र तिथले नागरिक नसलेल्या सगळ्यांनाच करावी लागते. तिला वेगळं पाडलं असं त्यात काही नाही.

आपल्या पूर्व भागातल्या घरांसाठी एक जास्तीचं सांगतो, कारण खरी अडचण बऱ्याचदा इथे असते. पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात असेल तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग तिकीट, आय-२० (तिथल्या शाळेने दिलेला प्रवेशाचा फॉर्म), टीएसएचा अर्ज आणि व्हिसा यांतली नावं जुळत नाहीत आणि प्रत्येक काउंटरवर थांबावं लागतं. व्हिसाच्या आधी पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव वेगळं करून घ्या.

प्रवासात कर्मचाऱ्यांकडूनच अपमान झाला तर अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानासाठी तिथल्या परिवहन विभागाकडे तक्रार करता येते. ती फुकाची नसते: २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या १२८ ज्यू प्रवाशांना फ्रँकफर्टहून पुढच्या विमानात घेतलं नाही, म्हणून लुफ्थान्साला २०२४ मध्ये ४० लाख डॉलरचा दंड झाला. आंतरराष्ट्रीय विमानात झालेल्या निव्वळ अपमानाची भरपाई मात्र मॉन्ट्रियल करारामुळे मिळणं कठीण, अनेक देशांच्या न्यायालयांनी ती नाकारली आहे. देशांतर्गत प्रवासात, होटगी रस्त्यावरच्या सोलापूर विमानतळावरून गोव्याला जाताना म्हणा, आधी विमान कंपनीचा नोडल अधिकारी, मग एअरसेवा (सरकारचं तक्रार पोर्टल), मग ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे सोलापूर जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.

शाळा बदलायचं ठरलंच तर तोंडी काही बोलण्याआधी लॉगबुक सीएफआयच्या सहीने प्रमाणित करून घ्या, ट्रेनिंग रेकॉर्डच्या प्रती मागा आणि जमा फीचा हिशेब लेखी घ्या. तक्रारीचं पत्र त्यानंतर द्या, आधी दिलंत तर सह्या रखडतात.