गर्भाशयाच्या मुखातला चिकट स्राव कमी असेल तर दिवस राहत नाहीत का? काय उपाय करावा?

आधी मला सांगा, मिस्टरांची वीर्यतपासणी झालीये का? नसेल तर ती पहिली करा, बाकीचं नंतर.

माझं तुमच्या बरोब्बर उलटं होतं. स्राव भरपूर, आणि घरच्यांनी त्यालाच आजार ठरवलं. लग्नाला दीड वर्ष झालेलं, सासूबाईंना कपड्यावर डाग दिसला आणि झालं, "अंगावरून पांढरं जातंय, म्हणून राहत नाही!" मग रोज तांदळाचं धुवण प्यायचं, मेडिकलमधून आणलेल्या औषधाने आतून धुवायचं, आणि आत्येसासूबाईंनी वर नियम काढला की पांढरं जातंय त्या दिवसांत नवऱ्याजवळ जायचं नाही. मी बीएस्सी झालेली बाई, आठ महिने ऐकलं!! शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, बोटांत धरून ताणला तर तार येते का, एकतारी पाकासारखी? म्हटलं येते. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, अहो मग तेच दिवस की.

म्हणजे बीज सुटायच्या आधी इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं तेव्हा हा स्राव पातळ, पारदर्शक होतो, शुक्रजंतू त्यात पाच दिवसांपर्यंत तगतात, नाहीतर योनीतल्या आम्लात काही तासांत खेळ खलास. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनने तो घट्ट होतो आणि दार बंद. आम्ही दार उघडं असताना बाहेर बसायचो.

तुमचं म्हणाल तर नुसत्या स्रावामुळे अडलंय असं क्वचितच असतं. बीज सुटावं म्हणून देतात ती क्लोमिफेनची गोळी चालू असेल तर त्याने काहींचा स्राव आटतो, डॉक्टरांना विचारा, त्याच कामाच्या लेट्रोझोल गोळीने तो त्रास कमी होतो. गर्भाशयमुखाचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा. कोरडं वाटतं म्हणून कुठलंही जेल वापरू नका, बरीचशी शुक्रजंतूंना मारक असतात. आणि खरंच स्रावाचा प्रश्न असला तरी आययूआयमध्ये वीर्य थेट गर्भाशयात सोडतात, मुखातल्या स्रावाचा संबंधच येत नाही. संबंधांनंतर स्राव तपासायची जुनी टेस्ट कोणी सांगितली तर पैसे वाचवा, आता ती करायला सांगत नाहीत.

हां, वास, खाज किंवा दह्यासारखं जात असेल तर ते इन्फेक्शन, तिथे माझं ऐकू नका, दाखवून या. वय ३५ च्या वर असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.

आतून धुणं आणि तो नियम बंद केल्यावर चौथ्या महिन्यात मला राहिलं. मुलगी आता सहावीत आहे. आत्येसासूबाई अजून चारचौघांत सांगतात, तांदळाच्या धुवणाने गुण आला.