काचेचा नवा कारखाना काढायचा आहे, गावातल्या लोकांकडून भांडवल कसं मागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कराड-पाटण भागात काचेच्या बाटल्या आणि बरण्या करणारी कंपनी काढायची आहे, जागा बघून ठेवली आहे, आणि आता गावातली मंडळी आणि परदेशातले नातेवाईक यांच्याकडून भांडवल उभं करायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायला एक आवाहन कसं लिहावं, असंही तुम्ही विचारलं आहे.

ते आवाहन ग्रुपवर टाकू नका. का, ते पुढे सांगतो. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते आधी.

मी 26 वर्षं काचेच्या भट्टीवर काढली. पहिली 17 एका मोठ्या बाटली कारखान्यात नोकरीत, आणि त्यानंतर चौघा भागीदारांनी मिळून उभ्या केलेल्या आमच्या लहान कारखान्यात. दिवसाला 10 टन काच वितळवणारी टँक भट्टी. आम्हीही पैसे ओळखीपाळखीतूनच उभे केले होते. तेव्हा एका घरी बैठक होती. आम्ही कागद मांडले होते: पाचव्या वर्षी नफा किती, परतावा किती. एक निवृत्त मुख्याध्यापक सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "ही भट्टी विझली तर काय होतं?"

मी म्हणालो, "गुरुजी, ती विझवायची नसते."

"ते नाही विचारलं मी. विझली तर काय होतं?"

तुमच्या गुंतवणूकदारांना हेच आधी सांगायला हवं, म्हणून इथे नीट लिहितो. काचेची भट्टी म्हणजे गूळ करायची चूल नव्हे, की हंगाम संपला आणि बंद केली. आत दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. ती एकदा पेटवली की दिवाळीला, संपाच्या दिवशी, ऑर्डर नसतानाही पेटतीच ठेवावी लागते. चांगली बांधलेली भट्टी अशी कित्येक वर्षं सलग चालते आणि मग तिची पूर्ण डागडुजी करावी लागते. मध्येच थंड झाली तर आतली काच टाकीतच थिजते. उष्णता सोसणाऱ्या महागड्या विटा घाईने गार झाल्या की तडकतात. पुन्हा पेटवायची तर तापमान अतिशय हळू, दिवसामागून दिवस चढवत न्यावं लागतं. तेवढ्या काळात इंधन जळत राहतं आणि विकायला एकही बाटली नसते.

गुरुजींना हे सगळं सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, "मग न विकता किती महिने जाळायला पैसे ठेवलेत?" आमच्या हिशोबात खेळतं भांडवल दोन महिन्यांचं होतं. त्यांनी पैसे दिले, पण आम्ही त्यांचा प्रश्न मनावर घेतला नाही. गॅसची जोडणी ठरल्या तारखेला मिळाली नाही, आम्ही महागड्या इंधनावर भट्टी सुरू केली. पहिले काही महिने मालात बुडबुडे, गाठी, चिरा. वितळलेल्या काचेतला मोठा भाग फोडून पुन्हा भट्टीतच जात होता. अकराव्या महिन्यात आम्हाला त्याच माणसांच्या दारात पुन्हा उभं राहावं लागलं. त्यातली काही माणसं आजही माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाहीत, आणि त्यांचा राग रास्त आहे. जोखीम आम्हाला ठाऊक होती, आणि आम्ही ती त्यांच्यापासून लपवली नसली तरी पुरेशी मांडलीही नव्हती.

म्हणून माझं ठाम मत असं: तुम्ही जेवढी रक्कम मागाल, त्यात शेड, भट्टी आणि यंत्रं यांच्याबरोबर किमान आठ-दहा महिने विक्री नगण्य धरून भट्टी जळती ठेवायचा खर्च असलाच पाहिजे. तो धरल्यावर आकडा मोठा दिसतो, लोक बिचकतात, म्हणून सल्लागार मंडळी तो कमी करायला सांगतात. कमी करू नका. तेवढे पैसे जमत नसतील तर कारखाना लहान करा.

इंधनाचं गणितही कागदावर मांडा. आमच्यासारख्या लहान भट्टीला टनामागे साधारण 250 घनमीटर गॅस धरा. मोठ्या भट्ट्यांना टनामागे यापेक्षा बराच कमी लागतो, आणि लहान कारखान्याचं हे कायमचं दुखणं आहे. म्हणजे 10 टनांना दिवसाला 2,500 घनमीटर. गॅस घनमीटरमागे 1 रुपयाने महागला तर वर्षाला 9 लाखांहून जास्त खर्च वाढला. 10 रुपयांनी महागला तर 90 लाखांच्या वर. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर गॅसचे भाव कसे उसळले ते आठवा. हा तक्ता नफ्याच्या तक्त्याशेजारी ठेवून दाखवा. तो पाहून जो माणूस उठून जाईल त्याचे पैसे तुम्हाला पुढे जड झाले असते. जो बसून पुढचा प्रश्न विचारेल तो तुमचा.

आता मुळात कुणाकडे मागायचं? नुसत्या पैसेवाल्यांकडे जाण्याआधी ज्यांना तुमची बाटली लागणार आहे त्यांच्याकडे जा. महाबळेश्वर-पाचगणीकडे मध, जॅम, सरबतं भरणारे आहेत. कोकणात कोकम, आमरस, लोणची करणारे आहेत. यातल्या लहान उत्पादकाला मोठा काच कारखाना दारात उभा करत नाही, कारण मोठ्या कारखान्याची यंत्रं एका साच्यावर लाखांनी बाटल्या काढतात आणि साचा बदलणं त्यांना परवडत नाही. शिवाय रिकामी बाटली वाहून नेणं म्हणजे ट्रकभर हवा वाहणं, लांबून आणली की भाडं खातं. साध्या, गोल, सगळीकडे मिळणाऱ्या बाटलीत तुम्ही मोठ्यांशी भावात टिकणार नाही. पण पाच-दहा हजारांचा लॉट, वेगळा आकार, आठवड्यात पोच, यात लहान कारखान्याला जागा आहे. अशा वीस उत्पादकांची "अमुक भावाला वर्षाला इतक्या बरण्या घेऊ" अशी सहीनिशी पत्रं आणा. त्यातले चारजण भागधारक झाले तर त्याहून चांगलं. कुठल्याही रंगीत पुस्तिकेपेक्षा ही वीस पत्रं जास्त बोलतील.

तुमच्या भागाला या धंद्याचा वारसा आहे, आणि तो तुम्ही बैठकीत सांगावा असं मला मनापासून वाटतं. 1908 साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं. तळेगावात काच तर झालीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे काचकाम शिकलेली माणसं बाहेर पडून देशभरात कारखाने उभारू लागली. आणि तुमच्या अगदी उंबऱ्यावर ओगलेवाडी! 1916 साली ओगले बंधूंनी औंध संस्थानाच्या पाठबळावर तिथे काच कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील किती घरांत होता हे तुमच्याकडच्या कोणत्याही आजोबांना विचारा. कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीलाच आहे, म्हणजे हा सगळा इतिहास लोकांच्या डोळ्यांसमोर आहे.

पण हा वारसा सांगताना एक फरक पुसू नका. पैसा फंडाला दिलेला पैसा हे दान होतं. देणाऱ्याने परत मिळेल म्हणून दिला नव्हता. तुमच्याकडे येणारा माणूस मुलीच्या लग्नाचे, शेत विकल्याचे पैसे घेऊन येईल. त्याला टिळकांचं नाव सांगून भारावून टाकणं मला अजिबात पटत नाही. आणि ओगल्यांचा शेवटही सांगा: गावोगावी वीज आली, कंदिलाची मागणी ओसरली, आणि तो कारखाना आज चालू नाही. तेव्हा एकाच वस्तूवर विसंबू नका, हे त्या बंद पडलेल्या शेड तुम्हाला रोज दाखवतातच.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं. तुमची कंपनी खासगी मर्यादित असणार, असं धरतो. अशा कंपनीला जनतेला उघड आवाहन करून शेअर विकता येत नाहीत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 प्रमाणे तुम्ही आधी नावं ठरवून, त्या त्या व्यक्तीला तिच्या नावाने प्रस्तावपत्र द्यायचं असतं. आर्थिक वर्षात जास्तीत जास्त 200 जणांना. जाहिरात करायची नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. पैसे बँकेतूनच घ्यायचे, रोख नाही, आणि ते वेगळ्या खात्यात ठेवायचे. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर द्यायचे. नाही दिले तर पुढच्या 15 दिवसांत परत करायचे, तेही चुकलं तर 12 टक्के व्याज लागतं. शेअर वाटप झाल्याचा तपशील कंपनी निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही.

"आमच्याकडे पैसे ठेवा, दरमहा दीड टक्का देतो" असलं काही तोंडातूनही काढू नका. ती ठेव झाली. 2019 चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे आणि महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षणाचा 1999 चा कायदा आहे. त्यात संचालकांची घरंदारं जप्त होतात. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी कायदा व्यवहार बघतो. ही कायदेशीर कागदपत्रं करणाऱ्या कंपनी सचिवाची फी पहिल्याच खर्चात धरा.

परदेशातल्या पाहुण्यांचे पैसे चालतात. उत्पादन उद्योगात अनिवासी भारतीयांना गुंतवणुकीची मुभा आहे. भारतातल्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं इथल्या बँकेतलं रुपयांचं खातं), पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर दिले तर कागदपत्रं बरीच सोपी होतात. बाहेर नेता यावेत असे हवे असतील तर शेअर दिल्यापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे नोंद करावी लागते. हे त्यांना आधी विचारा, नंतर बदलायला गेलात तर त्रास होतो.

बँकेबद्दल थोडंच. ती एकूण खर्चातला साधारण पाव ते एक-तृतीयांश हिस्सा तुमचा मागेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तारणाशिवाय कर्जासाठी जी सरकारी हमी योजना आहे तिची मर्यादा एप्रिल 2025 पासून 10 कोटी झाली आहे, ती विचारा. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत, म्हणजे उद्योगांना अनुदान देणाऱ्या योजनेत, तुमचा तालुका कोणत्या गटात येतो तेही बघा. पण अनुदान हातात येईपर्यंत ते जमेत धरू नका.

गुंतवणूकदाराला द्यायच्या कागदात आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, पैसे कधी आणि कसे परत निघतील. खासगी कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही, हे गावाकडच्या पुष्कळ लोकांना माहीत नसतं. पाच वर्षं लाभांश मिळणार नाही असं वाटत असेल तर तसंच लिहा. दुसरं, तुमचा स्वतःचा किती पैसा आत आहे. आमच्या चौघांनी घरं गहाण ठेवली होती. मी तसं करा म्हणणार नाही, पण हा प्रश्न येणारच आणि उत्तराची रक्कम तुमच्या ओठांवर हवी.

आणि या सगळ्याच्या आधी वाळू. काचेत 70 टक्क्यांहून जास्त सिलिका असते, ती वाळूतून येते, बाकी मुख्यतः सोडा आणि चुनखडी. हे दोन तापल्यावर कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून 100 किलो नव्या मिश्रणाची काच 83-84 किलोच भरते. हाही हिशोब विसरला जातो. फुटकी काच घातली तर ही घट होत नाही, शिवाय मिश्रणात दर 10 टक्के फुटकी काच वाढवली की इंधन अडीच-तीन टक्के वाचतं. तेव्हा आसपासच्या भंगारवाल्यांशी आत्तापासून बोला. सिलिका वाळू तुम्हाला सिंधुदुर्गातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातून मिळू शकेल. पण प्रत्येक खाणीची वाळू सारखी नसते. तिच्यात लोह जास्त असलं तर काच हिरवट येते, आणि मध भरणाऱ्याला हिरवट बरणी चालत नाही. दोन-तीन ठिकाणचे नमुने घेऊन कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी तपासून घ्या. तो अहवाल हातात येईपर्यंत कुणाकडे एक रुपयाही मागू नका.