प्रश्न आपले, उत्तर आमचे : वारस नोंदीचे हेलपाटे आणि नव्या सरकारकडून अपेक्षा

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. वडिलांच्या निधनानंतर शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर आम्हां भावंडांची वारस नोंद व्हावी, यासाठी अर्ज केला, त्याला चौदा महिने झाले. आधी मृत्यूचा दाखला मागितला, तो दिला. मग वारसांचे प्रतिज्ञापत्र, तेही दिले. त्यानंतर थोरल्या बहिणीच्या माहेरच्या नावाचा पुरावा हवा झाला. कोणी उद्धटपणे बोलले नाही, कोणी पैसेही मागितले नाहीत. प्रत्येक खेपेस एक नवा कागद मात्र निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये राज्यात नवे सरकार आले आणि कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा आता तरी हे थांबेल असे मनापासून वाटले. माझी आशा भोळी आहे का? आणि आशा धरायची, तर ती नेमकी कशाची धरावी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपली आशा भोळी नाही. मी महसूल खात्यात आयुष्याची बरीच वर्षे काढली असून आपण लिहिलेला प्रकार टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. कोणी पैसे मागितले नाहीत, हे आपले वाक्य मला पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाटले. लाच मागणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते; परंतु जिच्यातील प्रत्येक त्रुटी सुटी पाहिली तर रास्तच वाटते, अशा त्रुटींच्या मालिकेविरुद्ध दाद कोठे मागावी, हे सामान्य माणसाला उमगत नाही. कागद मागणाऱ्या कर्मचाऱ्याचा विचार साधा असतो : नोंद चुकली, तर चौकशी आपली होईल, नोंद लांबली, तर कोणी काही विचारणार नाही. म्हणून तो एक कागद जास्त मागतो आणि त्या कागदामागचे हेलपाटे अर्जदाराच्या वाट्याला येतात. नव्या नेतृत्वाने बदलावयाचे आहे ते हेच. चूक जशी अंगाशी येते, तसाच विलंबही अंगाशी आला पाहिजे.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा, बदल्यांच्या विनियमनासह एकत्र केलेला २००५ चा अधिनियम राज्यात जुलै २००६ पासून लागू आहे आणि कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. श्री. देवेंद्र फडणवीस यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या कारकिर्दीत २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास त्यात ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अर्जदारास खात्यातच दोन अपिले करता येतात आणि तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे नेता येते. माझ्या सेवाकाळात उशिरासाठी दंड भरलेला सहकारी मी एकही पाहिला नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात संकेतस्थळे, कार्यालयांची स्वच्छता, अभ्यागतांसाठी सोयी, तक्रार निवारण, सुकर जीवनमान, गुंतवणुकीस प्रोत्साहन आणि क्षेत्रीय भेटी असे सात मुद्दे होते. कामगिरीचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून, म्हणजे खात्याबाहेरच्या संस्थेकडून, करून घेतले गेले आणि निकाल १ मे २०२५ रोजी जाहीर झाला. हे मी मोलाचे मानतो, कारण आपल्याकडे कार्यालये स्वतःच स्वतःला गुण देत आली आहेत. तथापि स्वच्छ भिंत आणि पिण्याच्या पाण्याची सोय पाहणाऱ्यास सहज दिसते. एकाच अर्जासाठी एकाच माणसाला किती वेळा यावे लागले, हे नोंदवहीत कोठेच उमटत नाही. ते मोजले जावे, ही माझी या सरकारकडून पहिली अपेक्षा आहे.

दुसरी अपेक्षा अशी, की जो कागद शासनाच्याच दप्तरात आहे, तो नागरिकाकडे मागू नये. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे असते, म्हणजे शासनाकडेच असते. राज्यात अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे, असे शासनाने २०१५ मध्येच ठरविले होते. तरीही सवयीने प्रतिज्ञापत्र मागितले जाते. या बाबतीत मला सर्वांत आश्वासक वाटली ती ‘जिवंत सातबारा’ मोहीम. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ही मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर नेण्यात आली. तीत ग्राम महसूल अधिकाऱ्याने, ज्यांना आपण तलाठी म्हणतो त्यांनी, चावडीवाचन करून, म्हणजे गावात सर्वांसमोर नोंदी वाचून दाखवून, मयत खातेदारांची यादी स्वतःच तयार करावयाची होती. वारसाने कार्यालय शोधत जाण्याऐवजी कार्यालयाने वारसाकडे यावे, ही दिशा अगदी योग्य आहे. आपल्या गावाच्या यादीत वडिलांचे नाव आहे का, हे आधी पाहावे.

आता आपल्या अर्जाविषयी. अर्ज गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत चढला आहे का, हे लेखी विचारावे आणि शिल्लक त्रुटी एकाच पत्राने, एकदाच कळवाव्यात, अशी मागणी करावी. फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, धरला गेला असेल, तर हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची असते; चौदा महिने कोणत्याही हिशेबात बसत नाहीत. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्जावरील दैनंदिन कार्यवाहीची प्रत मागावी. कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर कागद थांबला, हे त्यातून दिसेल. तीच प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयातील लोकशाही दिनात, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, निवेदन द्यावे.

प्रश्न : सर्व सेवा ऑनलाइन करण्यावर नव्या सरकारचा भर आहे. त्यामुळे दप्तरदिरंगाई संपेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अर्ज कोणत्या दिवशी आला, हे नाकारता येत नाही, एवढा मोठा लाभ त्यात निश्चित आहे, पूर्वी पोच मिळविण्यासाठीसुद्धा भांडावे लागे. मात्र जुनाच अर्ज, जुन्याच सहपत्रांसह संगणकावर चढविला, तर रांग कार्यालयातून सेवा केंद्रात जाते, इतकेच. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी संगणकाशिवाय, केवळ कागदांची मांडणी आणि कामाची वाटणी बदलून, जिल्हाधिकारी कार्यालयाचा चेहरामोहरा बदलला होता आणि ती पद्धत ‘लखिना पॅटर्न’ म्हणून देशभर ओळखली गेली. म्हणून कोणतीही सेवा ऑनलाइन करण्याआधी तिच्या अर्जातील प्रत्येक रकान्यापुढे ‘हे आपल्याला आधीच माहीत आहे का?’ असा प्रश्न त्या खात्याने लिहावा आणि उत्तर होकारार्थी असेल, तो रकाना काढून टाकावा.