प्रेसेपिओ: गोठा की गव्हाण?

प्रश्न: मॉर्टेन लॉरिड्सन यांच्या 'ओ मान्युम मिस्तेरिउम' या समूहगीतात 'याचेन्तेम इन प्रेसेपिओ' असे शब्द आहेत. कार्यक्रमपत्रिकेत मराठी अर्थ देताना 'गोठ्यात निजलेला' म्हणावं की 'गव्हाणीत'?

गव्हाणीतच. लॅटिन कोशात दोन्ही अर्थ सापडतील, कारण शब्दाच्या मुळाशी कुंपण घालणं आहे. कुंपणाच्या आत गुरं बांधली की गोठा, वैरण टाकली की गव्हाण. पुढे इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये हाच शब्द नाताळच्या अख्ख्या देखाव्याला लागला. त्या देखाव्याला आपण मराठीत गोठा म्हणतो, गोव्यात गोठो. घोटाळा होतो तो इथून.

पण हे शब्द देखाव्याचे नाहीत. नाताळच्या रात्रीच्या उपासनेतलं हे जुनं लॅटिन गीत. स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरिया याने केलेली त्याची रचना १५७२ साली छापली गेली. लॉरिड्सन यांची १९९४ची, लॉस एंजेलिस मास्टर कोराल या गायकवृंदासाठी केलेली. वाक्य असं आहे: केवढं हे गूढ, की नुकत्याच जन्मलेल्या प्रभूला प्राण्यांनी गव्हाणीत निजलेलं पाहावं! प्राणी गोठ्यात असायचेच, त्यात नवल कसलं? वैरणीला तोंड घालायला गेले आणि वैरणीच्या जागी बाळ दिसलं, हे नवल. 'गोठ्यात' लिहिलंत की नेमकं तेच हातचं जातं. मराठी बायबलातही लूकच्या दुसऱ्या अध्यायात 'गव्हाणीत'च आहे. त्या रूपावरून काही जण मूळ शब्द 'गव्हाणी' धरतात. तो 'गव्हाण', स्त्रीलिंगी. गव्हाणी हे अनेकवचन.

'आनिमालिया'ला 'जनावरं'पेक्षा 'प्राणी' घ्या. आनिमा म्हणजे श्वास, प्राण. दोन्ही शब्दांत श्वास घेण्याचा 'अन्' हा एकच धातू. इतका चपखल प्रतिशब्द क्वचितच मिळतो.

गायकांसाठी शब्द देवनागरीत उतरवताना 'मान्युम' लिहा. ज्ञ वापरलात तर मराठी तोंडातून 'माद्न्युम' येईल. 'याचेन्तेम'मधला च चिमणीतला, चमच्यातला नव्हे. 'प्रेसेपिओ'त आघात 'से'वर, आणि शेवटी 'पिओ'. घाईत त्याचं 'प्यो' होतं आणि चारांची तीनच अक्षरं उरतात. 'क्रिस्तुम'चं सवयीने 'ख्रिस्तुम' होतं, तेही टाळा. दंत्य त मात्र आपल्या तोंडी आयताच आहे.

'विर्गो' म्हणजे कुमारी, मरिया. या शब्दाखाली पत्रिकेत रेघ ओढा. रचना डी मेजर या पाश्चात्त्य स्वरमालेत आहे. डी हा सा धरला, तर सगळ्या रचनेत त्या स्वरमालेबाहेरचा एकच सूर येतो, तीव्र मध्यम, आणि तो ऑल्टोंना, म्हणजे खालच्या पट्टीतल्या स्त्री-आवाजांना, याच शब्दावर दिला आहे. तो सूर पंचमाकडे जाण्याआधी थोडा टोचायला हवा. ऑल्टो त्याला घाबरून शुद्ध मध्यमाकडे उतरतात, म्हणून तालमीत आधी म॑–प एवढंच 'विर्गो' या शब्दावर म्हणून घ्यावं.